कारखान्यातून कागद आला

आपल्या गावची किती मुले कारखान्यात कामाला आहेत? बोटांवर मोजून पाहा. एका हाताची बोटे पुरणार नाहीत. कोणी चाकणला आहे, कोणी वाळूजला, कोणी बुटीबोरीला, कोणी अंबरनाथला. महिन्याच्या महिन्याला त्यांचे पैसे येतात. त्या पैशांतून सोसायटीचे कर्ज फिटते, विहिरीचे काम पुढे सरकते, बहिणीचे लग्न होते. शेत गावात असले, तरी शेतात पडणाऱ्या खताचा पैसा बऱ्याच घरी कारखान्यातूनच येतो.

समजा, असेच एक घर आहे. घरात आई आहे, वडील आहेत, सून आहे, नातू आहे. कर्ता मुलगा आठ वर्षे एका कारखान्यात आहे. तेथे मोटारींचे लोखंडी सुटे भाग तयार होतात. कारखान्यात दोनशे वीस कामगार आहेत. मुलाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १५,६०० रुपये होतात.

एका मंगळवारी तो दुपारच्या एस.टी.ने घरी आला. सण नाही, जत्रा नाही, पेरणी नाही. त्याने पिशवी ओसरीवर ठेवली आणि खाली मान घालून बसला. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"रजा काढलीस का रे?"

"रजा नाही, आई. काम थांबलंय. मोठ्या कंपनीनं आमचा माल घेणं कमी केलंय. गोदाम भरलंय. आमच्या पाळीतल्या साठ जणांना घरी बसवलंय."

"काढून टाकलं?"

"तसंच समज."

"तसंच समज म्हणजे? कागद दिला असेल की काहीतरी."

"दिलाय. पिशवीत आहे."

"वाचलास?"

मुलगा काही बोलला नाही. तो दहावी पास आहे. पण गेटवर साठ माणसे रांगेत उभी होती. बाबूने टेबलावर वही उघडली, बोट दाखवले आणि म्हणाला, "इथं सही करा, कागद घ्या." पुढच्यांनी केली, म्हणून ह्यानेही केली. रागाने कागदाची घडी घातली. ती घडी एस.टी.तही उलगडली नाही.

आई गेल्या वर्षी साक्षरतेच्या वर्गाला बसली होती. तिने चष्मा लावला. कागद गुडघ्यावर पसरला, ओळीखाली बोट धरले आणि एकेक अक्षर लावू लागली. वरचा मजकूर इंग्रजीत होता, खाली मराठी होते. तिसऱ्या ओळीवर तिचे बोट थांबले.

"ह्यात काढलं असं कुठं लिहिलंय? इथं तर लिहिलंय, ले... ऑफ. ले-ऑफ म्हणजे काय रे?"

आजचा आपला धडा ह्याच शब्दाचा आहे. आणि त्याच्या सोबत्यांचा. कारखान्यातून अनेक माणसे एकदम घरी येतात, तेव्हा त्यांच्या हातात जो कागद असतो, त्यावर वेगवेगळे शब्द असतात. गावात आपण सगळ्याला एकच म्हणतो, "कामावरून काढलं." कायदा तसे म्हणत नाही. कायद्यात प्रत्येक शब्दाची किंमत निराळी आहे.

सालगड्याचे उदाहरण घेऊ. पाऊस लांबला. नांगरट नाही, पेरणी नाही. मालक गड्याला म्हणाला, "आठ दिवस काम नाही, बसून राहा." गडी मालकाचाच आहे. त्याचे साल मोडलेले नाही. कारखान्यात ह्याला ले-ऑफ म्हणतात. माल खपत नाही, कच्चा माल संपला, वीज नाही, यंत्र मोडले, अशा कारणाने मालक काम देऊ शकत नाही. पण कामगाराचे नाव हजेरीपटावर तसेच राहते.

दुसरी गोष्ट. मालक म्हणाला, "इतके गडी मला आता नकोत. तुझा हिशेब घे आणि मोकळा हो." ही कपात. कपात म्हणजे नाव हजेरीपटावरून उतरले.

तिसरी गोष्ट. मालकाने शेतच मोडीत काढले. मग गडी ठेवायचा कोठे? हा झाला कारखाना बंद.

आणि चौथी गोष्ट अशी, की गडी स्वतःच म्हणतो, "मी जातो." कागदावर ह्याला राजीनामा म्हणतात, किंवा स्वेच्छानिवृत्ती. शब्द गोड आहे. स्वेच्छा म्हणजे आपल्या मनाने. कित्येकदा मन मालकाचे असते आणि सही कामगाराची असते. ह्या चौथ्या कागदाकडे आपण पुढे पुन्हा वळू.

आता आईच्या गुडघ्यावरच्या कागदाकडे या. त्यावर ले-ऑफ आहे. म्हणजे मुलाची नोकरी गेलेली नाही. एवढेच नव्हे, घरी बसल्याचे पैसेही आहेत. ज्या कारखान्यात पन्नास किंवा अधिक कामगार आहेत, तेथे ले-ऑफच्या दिवसांचा निम्मा पगार मालकाने द्यायचा असतो. निम्मा म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता ह्यांचा निम्मा. आठवड्याच्या सुटीचे दिवस त्यात धरत नाहीत. ह्या मुलाचा दिवसाचा पगार १५,६०० भागिले २६, म्हणजे ६०० रुपये. निम्मे ३००. महिनाभर ले-ऑफ राहिला, तर सव्वीस दिवसांचे ७,८०० रुपये. पोट भरणार नाही, पण चूल विझणारही नाही.

ह्यासाठी कामगाराची सलग एक वर्षाची नोकरी झालेली असावी लागते. सलग एक वर्ष म्हणजे ३६५ दिवस यंत्रावर उभे राहणे नव्हे. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरले, तर वर्ष भरले. भरपगारी रजा, कामावर अपघात होऊन घरी पडून राहिलेले दिवस, पूर्वीच्या ले-ऑफचे दिवस, हे सगळे त्या २४० मध्ये धरतात. हंगामी चालणाऱ्या कारखान्याला मात्र ही कलमे लागत नाहीत.

हे सगळे आईला एकटीला कळले नाही. संध्याकाळी वर्गाचे गुरुजी ओट्यावर आले. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग मुलाला विचारले,

"तुम्ही आज इथं कसे?"

"काम नाही, गुरुजी. तिथं खोलीवर बसून काय करायचं? खानावळीचे पैसे उगीच चढतात. म्हटलं, घरची मळणी तरी उरकू."

गुरुजींनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. तेथे लिहिले होते, की ले-ऑफच्या काळात कामगाराने रोज सकाळी आठ वाजता गेटवर हजेरी लावावी.

येथेच आपली बहुतेक मुले फसतात. ले-ऑफ म्हणजे सुटी नव्हे. कायदा सांगतो, की ले-ऑफचे पैसे हवे असतील तर कामगाराने ठरल्या वेळी, दिवसातून एकदा तरी, कारखान्यावर हजर झाले पाहिजे. जो दिवस हजेरी नाही, त्या दिवसाचे पैसे नाहीत. तसेच, मालकाने त्याच कारखान्यात, किंवा आपल्याच जवळच्या दुसऱ्या कारखान्यात, कामगाराला जमण्यासारखे आणि तेवढ्याच पगाराचे दुसरे काम देऊ केले आणि कामगाराने ते नाकारले, तरीही पैसे बुडतात. जवळचा म्हणजे आठ किलोमीटरच्या आतला. मुलगा मंगळवारी गावी आला, तेव्हा त्याचे तीनशे रुपये गेले. आणखी आठवडाभर मळणी केली असती, तर दीड-दोन हजार गेले असते. शिवाय गैरहजेरीचा शेरा पडला असता, तो वेगळाच.

आई उठली. "सकाळची पहिली एस.टी. किती वाजता आहे?"

"साडेपाचला. पण हजेरीला नाही पोचणार, आई."

"उद्याची जाईल. परवाची तरी जाऊ द्यायची नाही."

त्याला साडेपाचच्या गाडीने जाऊ द्या. तेवढ्यात आपण हा निम्मा पगार आला कोठून ते पाहू. तो काही आभाळातून पडला नाही.

मुंबईत १८५६ साली ताडदेवला कापडाची पहिली गिरणी चालू झाली. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा ह्या भागांत गिरण्यांची गर्दी झाली. त्या भागाला लोक गिरणगाव म्हणू लागले. कोकणातून, साताऱ्याहून, घाटावरून माणसे गेली. त्या काळी कपातीचा कायदा नव्हता. रोज पहाटे गेटवर माणसांचा थवा उभा असे. कोणी गैरहजर असला, तर जॉबर त्याच्या जागी एखाद्याला आत घेई. त्याला बदली म्हणत. बदलीला आज काम आहे, उद्याचा भरवसा नाही. किती तरी माणसांची उमेदीची वर्षे अशी बदलीतच गेली. माल साचला, की साहेब एक पाळी बंद करी. बंद पाळीची माणसे गावाची वाट धरीत. पगार नाही, हिशेब नाही. त्यांना पोसायचे कोणी? गावाने. घरातल्या भाकरीत आणखी एक वाटेकरी वाढे. मालकाचा तोटा असा कोकणातल्या आणि घाटावरच्या चुलींवर येऊन पडे, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नसे.

१९२८ साली मुंबईत गिरण्यांचा फार मोठा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते आणि संप सहा महिने चालला. भांडण कशाचे होते? मालकांचे म्हणणे, एका विणकराने दोन मागांऐवजी तीन माग सांभाळावेत. कामगारांनी साधा हिशेब केला. तिघांचे काम दोघांनी केले, तर तिसरा घरी जाणार. एकदम अनेकांना घरी पाठवण्याची भीती तेव्हाही हीच होती, आजही हीच आहे. माग बदलले, शब्द बदलले. गिरणी कामगार युनियन ह्याच संपाच्या काळात उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर १९५३ साली गिरण्यांत कापडाचे साठे पडून राहिले. गिरण्या पाळ्या बंद करणार आणि हजारो माणसे रिकामी होणार, असे चिन्ह दिसू लागले. तेव्हा केंद्र सरकारने ऑक्टोबर महिन्यात वटहुकूम काढला, आणि मग कायदा केला. २४ ऑक्टोबर १९५३ पासून ले-ऑफचे पैसे आणि कपातीची भरपाई ह्या गोष्टी कायद्यात आल्या. मालाला गिऱ्हाईक नसणे हा कामगाराचा दोष नाही, तेव्हा सगळा बोजा त्याच्याच डोक्यावर नको, असा त्याचा अर्थ. मालकानेही थोडा उचलावा.

पण बदली आणि हंगामी माणूस ह्या ले-ऑफच्या पैशांतून वगळला गेला. आजही तसेच आहे. एवढेच, की सलग एक वर्ष भरले तर बदली हा बदली राहत नाही, त्याला हक्क मिळतो. म्हणून हजेरीची नोंद स्वतःच्या वहीतही ठेवावी.

ठेकेदारामार्फत लागलेल्या मुलांचे दुखणे ह्याहून अवघड आहे. काम एकाच यंत्रावर, पण कागदावर मालक निराळा. मंदी आली की पहिल्यांदा तीच घरी जातात, आणि बहुधा त्यांच्या हाती कागदही पडत नाही. त्यांच्यासाठी निराळा धडा लिहावा लागेल. तूर्त एवढेच, की ज्याच्याकडून पगार येतो त्या ठेकेदाराचे नाव, ओळखपत्र आणि बँकेच्या पुस्तकातल्या नोंदी जपून ठेवाव्यात.

गिरण्यांची गोष्ट १९५३ वर थांबत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत पुन्हा संप झाला. पुढारी होते डॉक्टर दत्ता सामंत. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. वर्ष उलटले, तरी तडजोड नाही. कामगार गावी येऊन शेतावर राबले. इकडे कापड भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर निघू लागले. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तो हळूहळू विरून गेला. हजारो माणसांना परत कामावर घेतले नाही. १९८३ साली सरकारने तेरा गिरण्यांचा कारभार हाती घेतला. तरी पुढच्या वर्षांत एकामागून एक गिरणी बंद पडत गेली. जेथे भोंगा वाजायचा तेथे आज उंच इमारती आहेत. गिरण्यांवर जगणाऱ्या बायकाही त्यात बुडाल्या. गिरणगावात घरोघरी बायका कामगारांना जेवण घालीत. त्या खानावळवाल्यांना कोणत्या कायद्याने नुकसानभरपाई दिली? कोणत्याच नाही.

ह्या दुःखाच्या गोष्टीत एक वेगळी हकीकत आहे, ती वाचणाऱ्या माणसाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे सरकारने ठरवले, की गिरण्यांच्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी काही घरे बांधायची. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जे कामावर होते, ते किंवा त्यांचे वारस अर्ज करू शकत होते. म्हाडाने २०१२ साली पहिली मोठी सोडत काढली. घरे होती ६,९२५. अर्ज करणारे कितीतरी अधिक होते. अर्ज करणाऱ्याने गिरणीत काम केल्याचा पुरावा द्यायचा. पुरावा कोणता? लाल पास, तिकीट नंबर, पगाराची पावती, हजेरीपत्रक, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, राज्य विम्याचा नंबर. तीस वर्षांपूर्वीचे कागद! ज्या घरी म्हातारीने ट्रंकेच्या तळाशी लाल पास जपून ठेवला होता, त्या घराला अर्ज करता आला. ज्या घरी तो चुलीत गेला होता, ते घर गिरणीच्या नावाने कचेऱ्या हिंडत राहिले.

आता मुलाकडे परत येऊ. तो गुरुवारी सकाळी आठला गेटवर होता. रोज जातो, हजेरी लावतो, परत खोलीवर येतो. हे किती दिवस चालेल? बारा महिन्यांत पंचेचाळीस दिवसांहून अधिक ले-ऑफ झाला, तर मालक नियम पाळून कपात करू शकतो. म्हणजे ले-ऑफच्या मागोमाग कपातीचा कागद येऊ शकतो, हे आधीच धरून चालावे.

कपातीचे नियम काय आहेत? पूर्वी हे नियम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते. आता २०२० सालचा औद्योगिक संबंध कायदा आहे. त्याला संहिता म्हणतात. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुन्या कायद्यातल्या बऱ्याच गोष्टी तिच्यात तशाच आहेत. ज्याची नोकरी सलग एक वर्ष झाली आहे, त्याला कपातीआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची, त्यात कारण लिहायचे. नोटीस नसेल तर महिन्याचा पगार द्यायचा. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यायचा. वरचे सहा महिन्यांहून अधिक असतील, तर ते वर्ष पुरे धरायचे. हे पैसे कपातीच्या वेळीच हातात पडले पाहिजेत. "नंतर बघू" हे चालत नाही.

कोणाला काढायचे, हेही मालकाच्या लहरीवर नाही. एकाच प्रकारच्या कामातला जो शेवटी लागला, तो आधी जातो. हा क्रम मोडायचा, तर मालकाला कारण लिहून द्यावे लागते. आणि वर्षाच्या आत मालक पुन्हा माणसे घेऊ लागला, तर आधी कपात झालेल्यांना विचारावे लागते.

एक मोठा फरक मात्र झाला आहे. मोठ्या कारखान्यात ले-ऑफ, कपात किंवा कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी लागते. वीज बंद पडणे किंवा नैसर्गिक संकट ह्यांसारख्या कारणाने ले-ऑफ झाला, तर तेवढी सूट आहे. मोठा म्हणजे किती? १९७६ साली ठरले, तीनशे कामगार. पुढे ते शंभरावर आणले. नव्या संहितेत ते पुन्हा तीनशे झाले आहे. आपल्या गोष्टीतल्या कारखान्यात दोनशे वीस कामगार आहेत. जुन्या नियमाने त्याला परवानगी लागली असती. आता लागत नाही. मालक म्हणतात, ह्यामुळे कारखाने मोठे होतील. कामगारांच्या संघटना म्हणतात, ह्यामुळे माणसे काढणे सोपे होईल. मला दुसरे म्हणणे अधिक पटते, कारण परवानगी मागताना मालकाला कारण सांगावे लागते आणि कामगाराचे म्हणणे सरकारला ऐकावे लागते. अर्थात तीनशेवरच्या कारखान्यातही साठ दिवसांत सरकारचे उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असेच धरतात.

आता हिशेब. वही-पेन्सिल घ्या. मुलाची नोकरी आठ वर्षे. पगार १५,६००.

नोटिशीच्या महिन्याचे १५,६०० रुपये.

कपातीची भरपाई. पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना, ७,८०० रुपये. ते गुणिले आठ. झाले ६२,४०० रुपये.

ग्रॅच्युइटी. पाच वर्षे नोकरी झाली, की ही मिळते. येथे एक गंमत आहे. कपातीच्या भरपाईला महिना तीस दिवसांचा धरतात, पण ग्रॅच्युइटीला सव्वीस दिवसांचा. म्हणून दिवसाचा पगार ६०० रुपये, पंधरा दिवसांचे ९,००० रुपये, गुणिले आठ. झाले ७२,००० रुपये.

तिन्ही मिळून दीड लाख रुपये. ले-ऑफचे दिलेले पैसे मालक कपातीच्या भरपाईतून वळते करून घेऊ शकतो, ते तेवढे वजा. प्रॉव्हिडंट फंड निराळा. राहिलेला पगार निराळा, आणि तो कामाच्या दोन दिवसांत द्यायचा असतो. नव्या संहितेत आणखी एक गोष्ट आहे. कपात झालेल्या कामगाराला नवे कसब शिकता यावे म्हणून मालकाने एका निधीत पंधरा दिवसांचा पगार भरायचा, आणि तो पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यावर यायचा.

हा हिशेब हाती असला, म्हणजे तो चौथा कागद ओळखता येतो. एखाद्या दिवशी बाबू म्हणेल, "साहेबांनी दया केली. एक लाख रोख देतात. फक्त इथं सही करा." कागदावर लिहिलेले असेल, "मी माझ्या खुशीने राजीनामा देत आहे. माझे कंपनीकडे काहीही येणे राहिलेले नाही." राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती ही कायद्याने कपात नव्हे. कपातीची भरपाई मग मागता येत नाही. ग्रॅच्युइटीचे ७२,००० तर राजीनामा दिला तरी मिळायचेच होते. म्हणजे लाखातली दया फक्त २८,००० रुपयांची. उलट एखादी स्वेच्छानिवृत्तीची योजना खरोखर चांगलीही असते, त्यात कायद्याहून अधिक पैसे मिळतात. तेव्हा ती नाकारणे शहाणपणाचे नाही. दोन आकडे शेजारी-शेजारी मांडल्याशिवाय कळत नाही, एवढाच मुद्दा.

कागदावरचा शब्द आणि प्रत्यक्ष गोष्ट ह्यांत अंतर कसे पडते, ते अलीकडे तळेगावला दिसले. पुणे जिल्ह्यात तळेगाव येथे जनरल मोटर्स ह्या अमेरिकन कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. कंपनीने २०१७ च्या शेवटी भारतात गाड्या विकणे थांबवले. मग तेथल्या गाड्या परदेशी जात. डिसेंबर २०२० मध्ये गाड्या बनवणेही थांबले. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना नोटीस मिळाली. नोटिशीवर शब्द होता ले-ऑफ. ले-ऑफ म्हणजे तात्पुरते, हे आपण वर पाहिले. पण गाड्या तर पुन्हा बनायच्या नव्हत्या. कामगारांची संघटना कोर्टात गेली. २०२३ साली तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाई कंपनीने केला. एका शब्दावरून किती वर्षे कोर्टाची पायरी चढावी लागते, ते पाहा.

कारखाना बंद झाला, तरी भरपाई कपातीसारखीच असते. मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने बंद पडला, तर ती जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी होऊ शकते. पण "आम्हाला तोटा आला," "माल खपला नाही," ही कारणे हाताबाहेरची मानत नाहीत. कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे.

तक्रार कोठे करायची? कारखान्यात संघटना असेल तर आधी तिच्याकडे. मग कामगार आयुक्तांच्या कचेरीत. तेथला अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावून समेट घडवू पाहतो. अर्ज करून पंचेचाळीस दिवस झाले आणि काही घडले नाही, तर कामगाराला स्वतः औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते. दोन वर्षांच्या आत हालचाल करावी. वकिलाच्या पैशांची काळजी असेल, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने कारखान्यातील कामगाराला तेथे फुकट वकील मिळू शकतो. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्या घरी आता रोज रात्री आठ वाजता फोन वाजतो. आई दुसरे काही विचारण्याआधी विचारते,

"हजेरी लागली का?"

"लागली."

मग ती भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्या दिवसाखाली पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढते. मंगळवार आणि बुधवार ह्या दोन चौकोनांत रेघ नाही. पुढच्या सगळ्या चौकोनांत आहे. आठव्या दिवशी मुलगा म्हणाला,

"आई, आज बाबूनं आणखी एक कागद पुढं केला. म्हणाला, घाई आहे, सही कर."

"मग?"

"म्हटलं, घरी वाचून उद्या आणतो. त्यानं तोंड वाकडं केलं, पण दिला."

"वाच बघू. सावकाश वाच. वरची तारीख आधी सांग."

मुलगा वाचू लागला. आईने वही उघडली आणि पेन्सिलीचे टोक जिभेला लावले.